आत्तेभावाची प्रवेश परीक्षा

जगात रोज जेवढी काळजी तयार होते तिच्यातली निम्मी माझा आत्तेभाऊ एकटा करत असे, आणि उरलेली निम्मी बाकीचे लोक नीट करताहेत की नाही, याचीही काळजी तोच वाहत असे. काळजी हा त्याचा स्वभाव नव्हता, व्यवसायच होता. सकाळी डोळे उघडायच्या आत तो कामाला लागे. उशीवर डोकं, डोळे मिटलेले, आणि कपाळावर आठी. आत्या त्या आठीकडे बघून म्हणायची, "उठलो मरे झील माझो." तिच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा.

मी तेव्हा कॉलेजसाठी गावाहून मुंबईला आले होते आणि जोगेश्वरीला आत्याकडे राहत होते. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. चाळीतली एक खोली, मागे मोरी, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्यावर ते साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये जायला लागले. मुळात कमी बोलणारे, वर्कशॉपच्या खडखडाटातून आल्यावर तर अजिबातच बोलत नसत. अशा घरातला हा एकुलता एक मुलगा सिव्हिल इंजिनियर झाला होता आणि आता त्याला एम.टेक.ला जायचं होतं. तेही पूल किंवा इमारती बांधायला नव्हे. त्याने विषय निवडला होता पर्यावरण अभियांत्रिकी. म्हणजे काय, असं चाळीत कुणी विचारलं की आत्या सांगायची, "गटाराचा शिक्षण घेता तो."

ते अगदीच खोटं नव्हतं. सांडपाणी, पिण्याचं पाणी, धूर, कचरा, ज्या ज्या गोष्टींकडे आपण नाक दाबून पाठ फिरवतो त्या सगळ्यांकडे हा वाकून बघायचा. लहानपणी त्याला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी "पाण्यातून झाली" असं सांगितल्यापासून त्याने पाण्यावर नजर ठेवली ती कायमची. कुणाकडे गेला आणि पाण्याचा पेला पुढे आला की तो आधी प्रकाशात धरायचा, मग नाकाशी न्यायचा, मग "तहान नाही" म्हणून खाली ठेवायचा. त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही त्याने हेच केलं. मुलीचे वडील म्हणाले, "सरबतच आहे हो, औषध नाही." ते लग्न तिथेच बुडालं. घरी येताना आत्या रागाने लाल झाली होती आणि हा म्हणत होता, "लिंबू चांगलं होतं गं. बर्फाची शंका आली."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीवर त्याने एक काचेची नळी आणि एका द्रावणाची छोटी बाटली मिळवली होती. पहाटे नळाला पाणी आलं की नळी भरायची आणि त्यात दोन-चार थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारायचं क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होई. पिवळं झालं की हा खूश. निवळशंख राहिलं की घाबरायचा. बाकी सगळं जग याच्या उलट वागतं, हे आत्याला माहीत असल्यामुळे ती रोज कपाळाला हात लावायची. "चांगला पाणी पिवळा केलंस! ह्या आता कोण पितलो?" तो सांगायचा, "हे प्यायचं नाही गं आई, हे फक्त बघायचं." "बघ आणि पोट भर," आत्या म्हणायची.

अभ्यासाची त्याची तऱ्हा तर आणखी निराळी. घरात जागा नव्हती आणि शेजारच्या घरी दिवसभर रेडिओ. म्हणून तो आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये बसून अभ्यास करायचा. शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढायचं, तिथे उतरून पुन्हा त्याच बसने परत यायचं. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच म्हशींचे गोठे, गाडीत दुपारची फारशी माणसं नाहीत. खिडकीशी मात्र तो बसत नसे. त्या जंगलात बिबटे आहेत, आणि बिबट्या बसच्या खिडकीतून पंजा आत घालत नाही, हे त्याला कुणी छातीठोकपणे सांगेना. खिडकीशी मी बसायचे. "तू वाचत नाहीयेस ना, मग बस तिथे," असं तो मला अगदी सरळ मनाने सांगायचा. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तिकीट फाडताना विचारायचा, "काय इंजिनियर, आज कुठलं गटार?"

मी त्याला प्रश्न विचारायचे. इंग्रजीतले ते प्रश्न मला निम्मेच कळत, पण मागच्या पानावर उत्तरं छापलेली असत, तेवढी जुळवून बघता येत.

"बरोबर," मी म्हणायचे.

"खरंच? परत बघ."

"बरोबर आहे रे."

"पान तेच आहे ना? मागच्या धड्याचं नसेल?"

"तेच आहे. तुझं उत्तर बरोबर आहे."

मग तो थोडा वेळ बाहेरच्या झाडांकडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "मग छापायची चूक असेल."

त्या अभ्यासातले शब्द तो घरातही वापरायचा. पाण्यात घाण किती आहे हे ती घाण पाण्यातला किती प्राणवायू खाऊन टाकते यावरून मोजतात, त्याला बी.ओ.डी. म्हणतात, असं त्याने मला शिकवलं होतं. त्यानंतर तो नातेवाइकांचाही बी.ओ.डी. काढायला लागला. बोरिवलीहून येणारे एक लांबचे काका दारात दिसले की तो माझ्या कानाशी कुजबुजायचा, "फार हाय बी.ओ.डी. आहे यांचा. बघ आता, घरातला प्राणवायू कसा संपतो." आणि खरंच, काका जाईपर्यंत आम्ही सगळे धापा टाकत असायचो.

हसायचो आम्ही त्याला, पण त्याच्या काळजीचं एक कारण असं होतं की त्यावर हसता येत नव्हतं. ते त्याने मला बसमध्येच सांगितलं. आदल्या वर्षी तो परीक्षेला बसला होता. पेपर हातात आला, पहिलं पान वाचलं, आणि अक्षरं हलायला लागली. तळवे इतके ओले झाले की उत्तरपत्रिका हाताला चिकटली. वेळ संपायच्या कितीतरी आधी तो उठला, कोरे कागद पर्यवेक्षकाच्या टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन एका झाडाखाली ओकला. घरी त्याने "जमलं नाही" एवढंच सांगितलं होतं.

"येत होतं गं सगळं," तो म्हणाला. "पहिल्या पानावरचं सगळं येत होतं."

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

आता ही दुसरी आणि शेवटची वेळ होती. गिरणीतल्या एका जुन्या मित्राकरवी आतोबांनी त्याच्यासाठी मस्कतला बांधकामावरची नोकरी बघून ठेवली होती. याही वेळी जमलं नाही तर उन्हाळ्यानंतर जायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे आतोबा एकदा जेवताना बोलले आणि कुणी नाही म्हटलं नाही. मस्कतचं नाव निघालं की याचा घास तोंडातच फिरत राहायचा.

परीक्षा जवळ आली तसं त्याचं वेळापत्रक वाढत गेलं. केंद्र मुलुंडच्या एका कॉलेजात होतं. तिथे जायची त्याने रंगीत तालीम केली आणि साक्षीदार म्हणून मला नेलं. बस बंद पडली तर दुसरी कुठे मिळेल, दुसरी मिळाली नाही तर रिक्षा कुठे उभी असते, रिक्षावाला नाही म्हणाला तर चालत किती वेळ लागेल, सगळं बघून झालं. मग कॉलेजच्या फाटकातून वाकून तो आतल्या खिडक्या बघायला लागला. वॉचमन काठी आपटत आला.

"किसको देखता है?"

"खिडकी. धूप किधर से आता है, वो देखना था."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "परीक्षा है इनकी." त्यावर त्या भल्या माणसाने इतक्या दयेने मान हलवली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये हा म्हणाला, "ऊन डोळ्यांवर नाही येणार. पण पंखा डोक्यावर असला आणि पडला तर?"

संध्याकाळी आम्ही मावशींच्या ओट्यावर बसायचो. आमच्या चाळीमागे जुनं गावठाण होतं, तिथे मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांतल्या एका घरात या मावशी एकट्याच असत. मुलगा बोटीवर, वर्षातून एकदा येणार. कोंबड्या पाळायच्या, अंगणात भाजी लावायची, आणि कुणी ओट्यावर येऊन बसलं की आत जाऊन काहीतरी खायला आणायचं. माझ्या आत्तेभावावर त्यांचा फार जीव. "बाला, तुझ्या नावाची मेणबत्ती लावली देवलात," त्या सांगायच्या. चर्चला त्या देऊळच म्हणत. तो लगेच विचारायचा, "मावशी, विझली नाही ना मध्ये?" त्या हसून म्हणायच्या, "नाय रे बाला, पूर्ण जलली." मग त्याला जरा बरं वाटायचं.

परीक्षा रविवारी होती. त्याच आठवड्यात एक पूर्ण दिवस नळाला पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आलं, तेही बारीक धारेने. मी अंथरुणातच होते. मोरीतून त्याचा आवाज आला. हाक नव्हती ती, नुसताच घशातून आलेला आवाज. जाऊन बघते तर तो नळी दिव्यासमोर धरून उभा. त्याने आणखी थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं, निवळशंख. मग त्याने वास घेतला आणि नळी माझ्यापुढे धरली. मला आधी काही कळलं नाही, आणि मग अगदी पुसट, गटारावरून जाताना येतो तसा वास आला.

"कालचा दिवस पाइप रिकामा होता," तो म्हणाला. "आत दाब नसला की बाहेरचं आत ओढलं जातं. पाइप गटारातून जातो आपला."

मला वाटलं, आता हा खाली बसणार. मी त्याचा हात धरायला पुढे झालेसुद्धा. पण त्याचा हात कोरडा होता. त्याने नळी ठेवली, दार उघडलं आणि गॅलरीत जाऊन ओरडला, "पाणी पिऊ नका कुणी! पाणी खराब आहे!"

हा माणूस एरवी पोस्टात तिकीट मागतानाही दोनदा तालीम करायचा. गॅलरीत सगळे कळशा, बादल्या घेऊन उभे होते. कोणीतरी म्हणालं, "परीक्षा जवळ आली वाटतं रे याची!" सगळी गॅलरी हसली. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता परत येईल. पण तो पहिल्या दारापासून सुरू झाला. "काकी, उकळून घ्या. पाच-दहा मिनिटं चांगली उकळी फुटू द्या. आजचा दिवस तरी ऐका." एक दार झालं की दुसरं. मागून आत्या आली, पदर खोचून. तिला विषय कळला नव्हता, पण मुलाला हसलेलं कळलं होतं. "ऐकतास काय नाय? पोरगो सांगता ता करा!" तिच्या भीतीने अर्ध्या चाळीने तरी स्टोव्ह पेटवले.

दोन दिवसांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी तळमजल्यावरची दोन मुलं, मग कोपऱ्यातल्या खोलीत, मग चाळीबाहेर. आता कुणी हसत नव्हतं. लोक आमच्या दारात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काय करायचं रे?" आणि हा सांगायचा. साखर किती, मीठ किती, बाळाला चमच्याने द्या, डोळे खोल गेले तर थांबू नका, थेट हॉस्पिटल. पालिकेच्या ऑफिसात तो दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला तो तिथल्या बाकावर बसूनच राहिला, साहेब माणसं देईपर्यंत. माणसं आली, रस्ता खणला, आणि गटाराच्या काळ्या पाण्यात आमचा पाइप दिसला, गंजून चाळण झालेला. सगळे बघायला जमले. हा मात्र आला नाही. तो घरोघर क्लोरीनच्या गोळ्या वाटत होता.

त्या दिवसांत त्याने पुस्तक उघडलं नाही. माझा जीव मात्र वर-खाली होत होता. मी दिवस मोजत होते, त्याने ठरवलेल्या उजळणीचे धडे आठवत होते. एकदा न राहवून म्हटलं, "तुझी वाट लागेल यार. तू अभ्यासाला बस ना, बाकीचं आम्ही बघतो." त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलत होते.

शनिवारी दुपारी त्याला एकदम आठवलं की मावशी सकाळपासून दिसल्या नाहीत. आम्ही धावतच गेलो. कोंबड्या अंगणात मोकळ्या, दार नुसतं लोटलेलं. मावशी आत जमिनीवर पडल्या होत्या. ओठ सुकलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. "बाला," एवढंच त्या म्हणाल्या. त्याने त्यांना उचललं. तो काही ताकदीचा नव्हता, पण उचललं. मी नाक्यावरून रिक्षा आणली. वाटेत तो त्यांचं डोकं मांडीवर घेऊन सतत बोलत होता, "मावशी, झोपायचं नाही. मावशी, मेणबत्ती कुठल्या देवळात लावली? मला सांगा ना." हॉस्पिटलात लगेच सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. "तू घरी जा," मी म्हटलं. "उद्या पेपर आहे."

"माहीत आहे." तो मागे टेकला आणि म्हणाला, "विचार काहीतरी."

पुस्तक नव्हतं. जे आठवत होतं ते मी विचारत गेले, वेडंवाकडं, निम्मे शब्द चुकीचे. तो भिंतीकडे बघत उत्तरं देत गेला. ती बरोबर होती की नव्हती मला कळायचा मार्ग नव्हता, आणि त्यानेही एकदासुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी नर्सने येऊन सांगितलं की पेशंट चहा मागते आहे. तेव्हा तो उठला, कोपऱ्यातल्या नळापाशी गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

रविवारी सकाळी आतोबा आमच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आले. कधी येत नसत. बस लांबून दिसली तेव्हा ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मस्कतवाल्यांना मी नाही म्हणून कळवलंय."

हा गोंधळला. "का?"

"का म्हणजे काय. बघितलं मी या आठवड्यात." आतोबांचा एवढाच खुलासा.

"पण बाबा, मी नापास झालो तर?"

"तर परत बस."

बस आली. मी चढता चढता मागे बघितलं, तर आतोबा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होते. मुलुंडला फाटकातून आत जाताना त्याच्याकडे एकच पेन होतं, आणि तेही माझं.

ते तास मी फाटकाबाहेरच्या कठड्यावर काढले. कुणी आतून बाहेर आलं की मी उठून उभी राहायचे. पेपर सोडून लवकर उठलेला एक मुलगा आला, तो हा नव्हता. दुसरा आला, तोही नव्हता. घंटा झाली आणि सगळा लोंढाच बाहेर पडला, तेव्हा कुठे हा दिसला, अगदी शेवटी, हळूहळू चालत.

"कसा गेला?"

"बरा गेला."

मी इतकी घाबरले की त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. "बरा गेला" हे शब्द मी त्याच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. तो म्हणाला, "अगं, खरंच बरा गेला. चल, मावशींकडे जाऊन येऊ."

निकाल लागला, नंबर चांगला आला, आणि त्याला मद्रासला जागा मिळाली. आत्याने पेढे वाटले. मावशी तोवर बऱ्या होऊन पुन्हा कोंबड्यांच्या मागे धावत होत्या, त्यांनी देवळात जाऊन आभाराची मेणबत्ती लावली. ज्यांनी गॅलरीत हसून घेतलं होतं, ते आता "आमचा मुलगा" म्हणून सांगायला लागले. तो गेला, आणि दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा आम्ही त्याला पटकन ओळखलंच नाही. अंग धरलं होतं. मोठ्याने हसायचा. सकाळी उन्हं आत येईपर्यंत झोपायचा, कपाळ अगदी सपाट. मित्रांच्या गोष्टी सांगायचा, मध्येच दोन-चार तमिळ शब्द टाकायचा, समोर येईल ते झकास म्हणून खायचा. आम्ही सगळे खूश होतो. वर्षानुवर्षं आम्हाला जे हवं होतं तेच झालं होतं. तरी का कोण जाणे, त्या चार दिवसांत घरात एक पाहुणा असल्यासारखं वाटत राहिलं, आणि आपल्या माणसाची वाट बघणं काही संपेना.

परत जायच्या दिवशी तो गप्पा मारत बसला आणि उशीर झाला. बॅग खांद्याला मारली, आत्याच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि शीळ घालत जिना उतरला. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. तो वळणापर्यंत जाऊन दिसेनासा झाला.

आत्या कठड्याला धरून तिकडेच बघत होती. म्हणाली, "बरो झालो गो झील." आणि मग, आवाज खाली आणून, "पण वेळार पोचात मां गो तो?"

"पोचेल गं आत्या."

"गाडीत जेवक काय गावात?"

"मिळेल की."

"थंय मद्रासाक ह्या दिवसांत पाऊस असता म्हणे, सुरू झालो असात. छत्री न्हेली नाय त्याने."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर मधोमध एक आठी पडली होती, पूर्वी मी तिच्या कपाळावर कधी न पाहिलेली. आत स्टोव्हवर चहा उतू जाऊन जळल्याचा वास यायला लागला. आम्हाला दोघींनाही तो आला होता, पण त्या वळणावरून नजर काढून आत जायला कुणालाच धीर होईना.